चैत्रात तलाव कोणाचा असतो?

मित्रांनो, पोस्ट लांब आहे. पण तुम्ही भंडारा, गोंदिया, चंद्रपूर किंवा गडचिरोलीतल्या एखाद्या तलावाच्या गावचे असाल तर शेवटपर्यंत वाचा. १ मेची ग्रामसभा जवळ आली आहे. खोलीकरणाचे ठराव, मासेमारीचे ठेके, गाळ कोणी न्यायचा याच्या याद्या, सगळं याच दिवसांत ठरतं. कारण सोपं आहे. पावसाळ्यात तलाव भरलेला असतो, हिवाळ्यात सगळे धान काढण्यात असतात. तलावाचं पोट उघडं पडतं ते फाल्गुन-चैत्रातच. आणि पोट उघडं पडलं की प्रत्येकाला त्यात वेगळं काहीतरी दिसतं. कंत्राटदाराला मुरूम दिसतो, कास्तकाराला गाळ दिसतो, ढिवराला उरलेला मासा दिसतो, गुराख्याला गवत दिसतं. या सगळ्यांचा मेळ आपल्याकडे पूर्वी कसा बसत होता आणि तो कुठे तुटला, ते आज लिहितोय.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. आपल्याकडे कागदावर ज्यांना ‘माजी मालगुजारी तलाव’ म्हणतात आणि बोलण्यात ‘मामा तलाव’ म्हणतात, ते पूर्व विदर्भात जवळपास सात हजार आहेत. शाळेत आम्हाला भंडारा म्हणजे तलावांचा जिल्हा असं शिकवलं. तेव्हा गोंदिया वेगळा नव्हता, तो १ मे १९९९ ला झाला. पण हे तलाव आले कुठून, हे काही शाळेत कोणी नीट सांगितलं नाही. पुष्कळांना वाटतं, निसर्गानंच खड्डे करून ठेवले. अजिबात नाही. एकेक पाळ माणसानं टोपल्याटोपल्यानं माती टाकून उभी केली आहे.

झाडीपट्टीतल्या जुन्या तलावांशी कोहळी समाजाचं नाव जोडलेलं आहे. रसेल आणि हिरालाल यांचा मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचा मोठा ग्रंथ १९१६ साली निघाला. त्यात कोहळ्यांची ओळखच वैनगंगेच्या खोऱ्यातले तलाव बांधणारे अशी करून दिली आहे. त्यांचं आवडतं पीक ऊस, असंही त्यात नोंदवलंय. १९११ च्या जनगणनेत त्यांची संख्या सुमारे २६,००० होती. म्हणजे संख्येनं लहान समाज, पण हातून झालेलं काम केवढं! नवेगावबांध, सिवनीबांध ही नावं घेतली तरी पुरे. गावाच्या नावातच बांध आहे.

त्याच्याही मागे गोंड राजे आहेत. चांद्याच्या गोंड राजांनी जो जंगल तोडून शेती करेल त्याला जमीन, आणि जो तलाव बांधेल त्याला तलावाखालच्या जमिनीत सवलत, असं धोरण ठेवलं होतं, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. अशा देणगीला ‘तुकूम’ म्हणत. चंद्रपुरात तुकूम नावाची वस्ती आजही आहे, रोज तिथून जाणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल?

आता तलावाची रचना पाहा, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. आपला तलाव म्हणजे खोल विहीर नव्हे. हलक्या उताराच्या जमिनीवर एका बाजूला मातीची पाळ घातली, की वरच्या बाजूला पाणी पसरत जातं. पाळीजवळ खोल, आणि वरच्या अंगाला घोट्याएवढं. पाळीत पाणी सोडायची जागा म्हणजे तुडूम. जास्तीचं पाणी बाहेर जायची वाट म्हणजे सलंग. एका तलावाच्या सलंगावरून सुटलेलं पाणी खालच्या तलावात, तिथून त्याच्या खालच्या बोडीत, असं साखळीनं जातं. म्हणून आपल्याकडे एका गावचा तलाव फक्त त्या गावचा कधीच नव्हता. वरच्यानं सलंग उंच केला तर खालचा कोरडा, आणि वरच्याची पाळ फुटली तर खालचा बुडाला.

या रचनेमुळे उन्हाळ्याची सुरुवात आपल्याकडे कॅलेंडरवर नाही, पाण्याच्या काठावर कळायची. माझी आजी साकोलीकडची. ती तारखा सांगत नसे, पाणी कुठवर उतरलं ते सांगायची. पाणी वरच्या उथळ भागातून मागे हटलं, की तिथं ओल धरून राहिलेल्या जमिनीत गाळपेर व्हायची. काकडी, डांगर, भाजीपाला. त्याच सुमारास मोह पडायला लागायचा, म्हणून पहाटे बायका जंगलात आणि दिवस वर आला की तलावावर. पाणी आणखी उतरलं की गाळ उघडा पडायचा. मग बंड्या जुंपायच्या आणि तो काळा गाळ बांध्यांत नेऊन टाकायचा. वर्षभराचं खत तेच. तुडूम कोरडं पडलं, की त्याची दुरुस्तीही याच दिवसांत. पाळीवरची घुशींची बिळं बुजवायची, माती चढवायची. आणि जे शेवटचं पाणी पाळीजवळच्या खोलगट भागात उरायचं, त्याला कोणी शेतीसाठी हात लावत नसे. ते ढोरांचं आणि माशांचं. तेंदूपत्त्याचा हंगाम मे महिन्यात सुरू व्हायच्या आत ही कामं उरकायची, कारण नंतर गावात माणूस सापडत नसे.

म्हणजे पाहा, एकच तलाव तीन महिन्यांत पाच-सहा जणांच्या हातून जायचा, आणि पाऊस पडायच्या आत परत एक व्हायचा. या वाटणीला नियम होते.

ते नियम कागदावर कधी आले? नागपूरचं भोसल्यांचं राज्य १८५३ मध्ये खालसा झालं, १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला. त्यानंतरच्या जमाबंदीत इंग्रजांनी गावच्या पाटलाला, गावकीच्या मुखियाला ‘मालगुजार’ म्हणून गावाची मालकी दिली. तलावही त्याच्या मालकीत गेले. पण सोबत गावच्या वहिवाटीची नोंद झाली. तिला ‘वाजिब-उल-अर्ज’ म्हणत. कोणाला किती पाणी, ढोरं कुठं पाजायची, सरपण कुठून आणायचं, मासे कोणी धरायचे. गावाच्या अशा सामायिक वापराला आपल्याकडे ‘निस्तार’ म्हणतात. हा शब्द जुन्या माणसांच्या तोंडी अजून आहे. ‘हा आमचा निस्ताराचा तलाव’ असं म्हटलं की त्यात सगळं आलं.

इथं थोडं थांबून एक कडू गोष्ट सांगायला हवी. आजकाल जुन्या व्यवस्थेचं कौतुक करणाऱ्या पोस्ट फार फिरतात. मालगुजारी म्हणजे रामराज्य नव्हतं. पाळीवर माती टाकायला ज्यांना बोलावलं जायचं त्यांना नाही म्हणायची सोय नव्हती. बेगारी होती. पाण्याचा पहिला मान मोठ्या कास्तकाराचा होता. पाणवठ्यावर जात होती, काही घाटांवर काही लोकांना पाय ठेवता येत नव्हता. ढिवरांनी जाळं टाकायचं आणि त्यातला वाटा मालगुजाराच्या वाड्यावर पोचवायचा. हे विसरून जुना तलाव सुंदर होता म्हणणं म्हणजे अर्धा इतिहास सांगणं. पण दुसरा अर्धाही खरा आहे. मालगुजाराचं स्वतःचं धान त्याच पाण्यावर होतं, म्हणून पाळ फुटू न देणं त्याच्या गरजेचं होतं. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी मध्य प्रांत होरपळला, तेव्हा साठवलेल्या पाण्याची किंमत सरकारलाही कळली. तलाव टिकला तो कोणाच्या चांगुलपणामुळे नाही. तो बिघडला तर कोणाला तरी लगेच झळ बसत होती, म्हणून टिकला.

मग आला १९५०चा कायदा. मध्य प्रदेशचा मालकी हक्क संपुष्टात आणणारा कायदा. आपण तेव्हा मध्य प्रदेशात होतो. ३१ मार्च १९५१ पासून त्याप्रमाणे मालकी हक्क सरकारकडे गेले. तारीख लक्षात घ्या, ऐन चैत्राच्या तोंडावरची. मालगुजारी गेली, आणि जायलाच हवी होती. गावचे तलाव सरकारजमा झाले. पुढे १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० ला महाराष्ट्र झाला, १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या. आज शंभर हेक्टरपर्यंत सिंचन असलेले तलाव जिल्हा परिषदेकडे, त्याहून मोठे राज्याच्या पाटबंधारे खात्याकडे.

अकरा वर्षांत तलावाचे इतके धनी बदलले. प्रत्येक वेळी तलावाची मालकी, पाणीपट्टी, क्षेत्रफळ हे सगळं कागदावर नीट हस्तांतरित झालं. पण फाल्गुनात पाळीवर माती कोण चढवणार, हे कोणत्याच कागदावर हस्तांतरित झालं नाही. बेगारी बंद झाली हे उत्तम झालं. पण त्या जागी मजुरी देऊन तेच काम करून घ्यायची व्यवस्था उभी राहिली नाही. मालगुजाराचं काम सरकारचं झालं, सरकारचं काम कोणाचंच झालं नाही. आणि गावानं म्हटलं, तलाव सरकारचा, मग गाळ आम्ही का काढावा? यात चुकीचं तरी काय होतं?

पुढच्या तीस-चाळीस वर्षांत काय झालं ते आमच्या पिढीनं डोळ्यांनी पाहिलं. बंड्या गेल्या, रासायनिक खत आलं, गाळ न्यायची गरज वाटेनाशी झाली. तुडूम गळायला लागली. काठावरची जमीन हळूहळू कोणाच्या तरी सातबाऱ्याला चिकटत गेली. आणि बेशरम आली. ती गुलाबी फुलांची झुडपं हो, जिला कोणी बेहया म्हणतं. ढोरं तिला तोंड लावत नाहीत, कापली तर दुप्पट फुटते. जिथं देवधान उगवायचं, कमळ असायचं, तिथं आता पुष्कळ तलावांच्या काठी तीच आहे.

माशाचं काय झालं तेही सांगतो, कारण हा विषय फक्त ढिवरांचा आहे असं बाकीचे समजतात. १० जुलै १९५७ ला ओडिशात डॉ. हिरालाल चौधुरी यांनी संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन कार्प माशांची कृत्रिम पैदास करून दाखवली. देशाच्या मत्स्यशेतीचा हा मोठा टप्पा. आजही तो दिवस राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. यामुळे कटला, रोहू, मृगळ यांचं बीज विकत मिळू लागलं आणि आपल्याही तलावांत ते आलं. उत्पन्न वाढलं, हे खरं आहे. पण हे मासे नदीचे. तलावाच्या साचलेल्या पाण्यात ते अंडी घालत नाहीत. म्हणजे दरवर्षी पावसाळ्यात बीज विकत आणा, सोडा, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी काढा. मरळ, शिंगूर, वाम, झिंगे यांचं तसं नव्हतं. त्यांना कोणी विकत आणलं नव्हतं. ते पहिल्या पावसात उथळ, गवताळ काठावर जायचे आणि तिथंच वाढायचे.

या फरकात घरचं अर्थशास्त्र आहे. मोठा मासा जाळ्याचा, तो सोसायटीच्या हिशेबात जातो, ठोक व्यापाऱ्याला जातो. लहान मासा, झिंगा हा बाईच्या हातचा. चैत्रात पाणी कमी झालं की ढिवर बाया उथळ पाण्यात उतरून तो धरायच्या, काही घरी, काही वाळवून, काही टोपलीत घालून गावोगाव विकायला. टोपलीतल्या माशाच्या बदल्यात धान मिळायचं. त्याला ठेका नव्हता, पावती नव्हती. उथळ काठ गेला, तेव्हा त्या बाईचं उत्पन्न गेलं, आणि कोणत्याही नोंदवहीत ती घट दिसली नाही. कारण मुळात ते उत्पन्न तरी कुठं लिहिलेलं होतं?

पक्ष्यांचंही तेच. मारुती चितमपल्ली नवेगावबांधला वनखात्यात होते, तिथल्या तळ्याबद्दल आणि पक्ष्यांबद्दल त्यांनी जे लिहिलं ते महाराष्ट्रभर वाचलं गेलं. गोंदियातले सारस आज राज्यात जवळजवळ शेवटचे. त्यांच्यासाठी २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. पण सारस जगतो तो त्याच उथळ काठावर आणि धानाच्या बांध्यांत. न्यायालयात सारस वाचवायचा आणि गावात त्याचा काठ खोदायचा, हे दोन्ही एकाच वर्षी आपण करतो.

तर आता खोलीकरणाकडे येऊ. २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आली. कल्पना चांगली आहे. आपल्या आजोबांची बंडी गेली, तिच्या जागी जेसीबी आणि ट्रॅक्टर. गाळ शेतात जाणं म्हणजे जुनीच रीत परत येणं. माझा विरोध गाळ काढायला नाही, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर कमेंटमध्ये ‘विकासविरोधी’ सुरू होईल.

प्रश्न आहे कुठं खोदता आणि किती. तुडुमाच्या पातळीच्या खाली जितकं खोदाल, ते पाणी पाटानं शेतात जाणार नाही. ते पंप लावूनच उचलावं लागेल. म्हणजे खोली वाढली तरी ज्याच्याकडे पंप नाही त्याच्या बांधीत थेंबही जास्त पोचणार नाही. ढोरांना आणि माशांना त्याचा उपयोग आहे, पण मग ठरावात तसं लिहा, ‘सिंचन वाढेल’ असं कशाला? दुसरं, तळाशी चिकणमातीचा जो थर पाणी धरून ठेवतो, तो फोडून खालच्या मुरमात गेलात तर तलाव गळायला लागेल. आणि ज्याला मुरूम विकायचा आहे त्याला नेमकं तिथंच जायचं असतं. तिसरं, पाळीच्या पायथ्याशी लागून खोदलं तर पाळ कमजोर होते. चौथं, वरचा उथळ काठ खोदून सरळ भिंतीसारखा केला, की ना गवत, ना देवधान, ना माशांची पैदास, ना ढोरांना उतरायला वाट. मागच्या वर्षी आमच्या शेजारच्या एका गावात असाच काठ उभा कापला. उन्हाळ्यात म्हशी वर उभ्या राहून पाण्याकडे पाहत होत्या.

आता म्हणाल, आपण काय करू शकतो? कायदा अगदीच रिकामा नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये कलम १६१ आहे, निस्तारपत्रकाचं. गावातल्या सामायिक जमिनीच्या वापराची व्यवस्था त्यात लिहायची असते, गावाचं म्हणणं ऐकून. ग्रामपंचायतीनं मागणी केली तर जिल्हाधिकारी चौकशी करून त्यात बदलही करू शकतात. कलम १६५ वाजिब-उल-अर्जचं आहे, पण मासेमारीच्या वहिवाटीबाबत त्यात एक मेख आहे. सरकारच्या किंवा स्थानिक संस्थेच्या ताब्यात नसलेल्या पाण्यापुरतंच ते बोलतं. आणि आपले बहुतेक तलाव तर १९५१ लाच सरकारचे झाले! म्हणजे ज्यांची वहिवाट सर्वांत जुनी, तेच या कलमाच्या बाहेर. जंगलातल्या तलावांसाठी मात्र २००६ चा वनहक्क कायदा आहे. त्याच्या कलम ३ मध्ये निस्ताराचे सामूहिक हक्क आणि जलसाठ्यांतल्या मासळीवरचे हक्क, दोन्ही स्पष्ट नावानं आले आहेत. पण ग्रामसभेनं दावा करावा लागतो, तो आपोआप मिळत नाही.

म्हणून १ मेच्या ग्रामसभेत एवढं विचारा. आपल्या गावचं निस्तारपत्रक तलाठ्याकडे आहे का, त्याची प्रत वाचून दाखवा. खोलीकरणाचा नकाशा कुठं आहे, तुडुमाची पातळी त्यात दाखवली आहे का? उथळ काठ किती सोडणार? गाळ आणि मुरूम यांचा वेगळा हिशेब कोण ठेवणार? आणि हे विचारताना ढिवर मोहल्ल्यातल्या बायांना सभेत पुढं बसवा, कोपऱ्यात नको. तलावाचा तळ त्यांच्याइतका कोणाच्याच पायाला माहीत नाही.

पाऊस जूनमध्ये येणार. त्याच्या आधी जे ठरेल ते पाण्याखाली जाईल आणि पुढच्या चैत्रापर्यंत कोणाला दिसणार नाही. तुमच्या गावच्या तलावाचं नाव, तो कोणी बांधला असं सांगतात, आणि आज त्याचा काठ कसा आहे, एवढं खाली लिहा. फोटो असेल तर टाका. आपल्या तालुक्याची यादी आपणच करू.